गादीवर नारय फुटत नाई

आमच्याकडं जीप भरली का मानसं मांगं बंपरवर उभी राहतेत. हे कोनी कोनाले शिकवत नाई. दर्यापूरच्या रस्त्यावर एखादी बाई लेकरू कडेवर घेऊन उभी दिसली, का आतला मानूस न सांगता उठते, खाली उतरते, मांगं जाऊन वरच्या कॅरिअरचा गज धरते अन् बंपरवर पाय देते. मंग तो मास्तर असो, नाई तं नवरदेवाचा मामा. बाई मातर कदी बंपरवर उभी राहत नाई. तिले कितीबी दाटीत आतच कोंबतेत.

म्हून आमच्या जीपचा बंपर शोभेची वस्तू नाई. तो मानसायच्या पायाखालची जमीन हाये. अन् बंपर सोता काई पेलत नाई, हे मले माया बुढ्यानं, म्हंजे नवऱ्यानं, सांगतलं होतं. गाडीखाली दोन लांब पट्ट्या असतेत, पुढून मांगंलोक. त्या दोघीयले शेवटाले जोडनारी एक आडवी पट्टी असते. मिस्त्री लोक तिले क्रास म्हनतेत. बंपर त्या क्रासले बोल्टानं कसला असते. बुढा म्हने, "बंपर म्हंजे लुगड्याचा काठ. अंग झाकते ते लुगडं, काठ नाई."

बुढा जलमभर जीप चालवत आला. आमच्याकडच्या खाऱ्या पान्यानं त्याच्या किडन्या खाल्ल्या. गेला तवा मांगं थोडंसं वावर अन् ही जीप ठेवून गेला. मंग लेक चालवाले लागला. एका हंगामात थ्रेशरमंदी त्याचा डावा हात सापडला. बोटं गेली. उरलेल्या हातानं वखर धरता येते, गिअर टाकता येत नाई. मी रडली नाई असं नाई, पन रडून झाल्यावर चूल पेटवाच लागते.

जीप अंगनात उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली अंडे देत. एक दिवस सून मले म्हने, "आत्याबाई, गाडी मी शिकू का?"

मी भाकर थापून राहिली होती. म्हनलं, "शिक. पन पहिले कोंबड्या हाकल."

लेकानंच तिले शिकोलं. तो बाजूले बसे अन् तोंडानं गिअर सांगे. लायसन निघालं, सून शिटा भरू लागली. बायायले बरं झालं, आपल्या जातीची ड्रायव्हर भेटली. मानसं हसले, पन दर्यापूरले जाचंच होतं, म्हून बसले.

आता माये भासरे. भासरे म्हंजे बुढ्याचे मोठे भाऊ. गल्लीच्या तोंडाशी त्यायचं घर, घरापुढं ओटा, ओट्यावर ते. आमच्या घरात भासऱ्याशी सरळ तोंडानं बोलत नाई. डोक्यावर पदर, मान खाली, अन् जे बोलाचं ते मधात कोनाले तरी धरून. मी लग्न होऊन आली तवापासून त्यायले एक शब्द सरळ बोलली नवती. त्यायनंबी मले नाई. मधात आधी बुढा होता, मंग लेक. कोनीच नसलं तं आमी भितीले सांगो. ते भितीकडं तोंड करून म्हनत, "म्हनाव, म्हशीनं दावं तोडलं." मंग मी जाऊन म्हैस बांधो.

सून गाडी चालवते पाहून ते ओट्यावरून लेकाले म्हनले, "इचार तुया मायले, घरातले मानसं मेले का?"

मी दारामांगून म्हनलं, "सांग मोठेबाबाले, एक मेला, एकाची बोटं गेली. पोटं मातर साऱ्यायचे शाबूत हायेत."

लेकानं सांगतलं का नाई, मले मालूम नाई. पन दार काई जाड नवतं.

यंदा कापूस निघाला तवाची गोष्ट हाये. दर्यापुरात जिनिंगच्या बाहेर सून जीप लावून शिटा भरून राहिली होती. पुढं एक ट्रॅक्टर, मांगं ट्रॉलीत कापूस डोंगरासारखा. त्याच्या ड्रायव्हरनं मांगं न पाहता ट्रॉली रिव्हर्स घेतली अन् जीपच्या ढुंगनावर घातली. बरं झालं का मांगं अजून कोनी चढलं नवतं. बंपर चपातीसारखा दुमडला. आतल्या बाया एकमेकीयच्या अंगावर पडल्या, कोनाले लागलं नाई. चूक कोनाची ते साऱ्या जिनिंगनं पाह्यलं. तरी गावात बातमी आली ती अशी, का बाईनं गाडी ठोकली.

ट्रॅक्टर निघालं भासऱ्यायच्या इवायाचं, म्हंजे त्यायच्या लेकीच्या सासऱ्याचं. आता इवायाशी कोन भांडन? मी तवा चांदूर बाजारले बहिनीच्या घरी लग्नात होती. माया मांगं भासऱ्यायनं सारं मिटोलं. इवायानं नवा बंपर देल्ला. भासरे लेकाले घेऊन गेले, दर्यापुरातल्या एका शेडमंदी तो बसोला अन् झालं. लेक गरीब गाय हाये. मोठेबाबा म्हनले बस, तं तो बसते.

मी लग्नाहून आली. एसटीतून उतरली तं निंबाखाली, जथून जीपा सुटतेत, गर्दी. आमची जीप धुतलेली, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. मांगं नवा बंपर असा चमके का त्यात बकऱ्या दिसत. सून स्टेरिंगवर बसलेली, तोंड उतरलेलं. भासरे हातात नारय घेऊन उभे. दगड बाजूलेच होता. पन इवायाचा बंपर किती पक्का हाये हे गावाले दाखवाचं होतं ना. म्हनले, "पाहा आता लोखंड." अन् नारय बंपरच्या टोकावर हानलं.

टन् असा आवाज यायले पायजे होता. भद् असा आला. नारय फुटलं नाई.

पुन्हा हानलं. नारय त्यायच्या हातातून निसटलं, घरंगयत नालीत गेलं.

 मंग एक बुढी म्हने, "देवानं घेतलं नाई." बस, तेवढं पुरलं. आत बसलेला मास्तर आपली थैली घेऊन उतरला, मांगच्या दुसऱ्या जीपकडं गेला. त्याच्या मांगं दोघं. मंग बायाबी. ज्या बाया सुनेच्या गाडीत मांडी घालून बसत, त्याच. भासरे लेकाकडं पाहून, पन साऱ्यायले ऐकू जाईन असं म्हनले, "सांगत होतो ना मी. बाईच्या हाताखाली गाडी नाई टिकत. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर पाह्य, नाई तं इकून टाक."

सुनेनं चाबी काढली. काढून मुठीत धरली.

मी पाह्यलं अन् मले कळलं का आज तिनं ती चाबी खुटीवर टांगली, का पुन्हा तिच्या हाती येनार नाई. नारय एक दिवस फुटत नाई, गावाच्या तोंडात सात पिढ्या राहते.

माया हातात लग्नातली पिशवी होती. ती मी खाली ठेवली. पयले नालीतून नारय काढलं, पदरानं पुसलं. मंग बंपरजवय गेली अन् टोकाले हात लावून हालोला. हालला. कुईकुई करत हालला, ढिल्ल्या खाटेवानी.

मी लुगड्याचा काष्टा कसला अन् गाडीखाली आडवी झाली.

वरून लोक म्हनून राहिले होते, "बुढीले झालं काय?" खाली सारं दिसत होतं. क्रास आत वाकला होता, धनुष्यासारखा. डाव्या अंगाले बोल्टाच्या भोकापासून चीर गेली होती, कपड्याचं काज फाटते तशी. वाकलेल्या क्रासमुळं नव्या बंपरले टेकाले जागाच नवती. म्हून शेडवाल्यानं मधात लोखंडाच्या चकत्यावर चकत्या भरल्या होत्या, अन् वरून काया रंग मारला होता. चिखलावरच मारला होता. नख लावलं तं पापुद्रा निघाला.

मी बाहेर निघाली. अंगभर धूय-माती. पदर डोक्यावर घेतला, कारन समोर भासरे होते. अन् मंग लेकाले शोधलं, मधात धराले. तो बिचारा भिडस्तासारखा मास्तराच्या थैलीकडं पाहून राहिला होता. मायं डोकं फिरलं. मनात म्हनलं, जलमभर भितीले सांगतलं, आज भितबी नाई इथं.

मी म्हनलं, "दादा."

भासरे असे दचकले जसा ओटाच बोलला.

"दादा, गादीवर नारय आपटलं तं फुटन का?"

ते दोन पावलं मांगं सरकले.

"देवानं बरोबर केलं. खाली क्रास फाटला हाये अन् वरून बंपर लटकोला हाये. ह्याच्यावर चार मानसं उभी राहिली असती, अन् पुलावर एक खड्डा लागला असता, तं चारी खाली असते. मांगून येनाऱ्या टिप्परच्या पुढं. अन् गावानं म्हनलं असतं, बाईनं मारले."

भासरे निंबाकडं पाहून म्हनले, "म्हनाव, लय झालं. मानसात बोलन्याची ही रीत नाई."

"निंबाले कायले सांगता? मी इथी हाओ. लेका, पाना आन."

लेक हालला नाई. पन सून गाडीतून उतरली. शिटाखालून तिनंच पाना काढला. तिथंच, हार घातलेल्या गाडीचा बंपर आमी दोघी सासू-सुनेनं खोलला. चकत्या एक एक खाली पडत गेल्या. मास्तर वाकून पाहून गेला. इवायाचं नाव कोनी काढलं नाई, मीबी नाई. चकत्याच वाजून राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकायी आमी अकोल्याले निघालो. सून, मी, मांगं आत टाकलेला बंपर, अन् ते नारय. बंपर नसलेली गाडी पाठ उघडी पडलेल्या बाईवानी दिसते. रस्त्यात ओयखीच्या जीपवाल्यानं गाडी बाजूले घेऊन आवाज देल्ला, "काकू, ढुंगन कुठी ठेवलं?"

सून म्हने, "शिवाले टाकलं."

मोर्ना नदीच्या पलीकडं, जुन्या शहरात, एका बोळात चेसीचं, म्हंजे गाडीखालच्या सांगाड्याचं, काम करनारा मिस्त्री हाये. बुढा तिथंच जाये. मिस्त्रीबी आता बुढा झाला. त्यानं खाली पाह्यलं, हात पुसले, म्हने, "अम्मा, वाकलं ते गरम करून ठोकतो, चिरीवर पट्टी मारतो. दुपारपर्यंत मोकये. बाहरून कोनाले समजनार नाई."

"लपवाले नाई आली मी. उभं राहाले आली."

"अम्मा, सारे असंच करतेत."

"तुमी त्या पट्टीवर आपल्या नातवाले उभं कराल का? इथून दर्यापूरलोक, भरल्या गाडीच्या मांगं?"

तो हसला. "बाप्पा, अम्मा. नातवाले नाई."

"मंग दुसऱ्याच्या नातवाले काहून?"

त्यानं बिडी इझोली. म्हने, "नवा क्रास टाकू. पन येळ लागन. पयले पाहा लागन का दोन लांब पट्ट्याबी हालल्या का काय. ट्रॉलीचा मार हाये."

मंग त्यानं सुतळी मांगतली. एक टोक माया हाती देल्लं. पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मांगच्या डाव्या कोपऱ्यालोक ताणली, गाठ मारली. मंग दुसऱ्या बाजूनं, डावीकडून उजवीकडं. गाठ जुळली नाई. चार बोटं कमी पडली. बाज विनाच्या आधी आमी घरी असंच मापतो. दोन्ही तिरप्या सारख्या नसल्या, तं बाजीचा एक पाय अधर राहते अन् निजनारा रातभर घरंगयते. मी म्हनलं, "एक पाय अधर हाये." मिस्त्री म्हने, "हाव. बरोबर."

जुना क्रास काढाले ग्राइंडर लावला. रिबीट कापले. ठिनग्या अशा उडल्या का बोळातल्या कुत्र्यानं जागा सोडली. क्रास खाली पडला, तवा त्याची चीर उजेडात दिसली. माया बोटाएवढं लोखंड धरून होतं, बाकी सारं फाटलेलं. सून ते पाहून खाली बसली. म्हने, "आत्याबाई, मी हे घेऊन चालवनार होती." मी तिले पानी देल्लं. दुसरं काय देनार.

मंग साखयी. लांब पट्टी जी आत दबली होती तिले साखयी बांधून, जॅक लावून मिस्त्रीनं बाहेर ओढली. जराशी ओढे अन् सुतळी धराले लावे. मी सुतळी धरून उभी राहो. उन्हानं डोकं तापलं. त्याच्या घरातून बाई आली, म्हने, "अम्मा, छावमें बैठो." मी म्हनलं, "सुतळी सोडली तं तुमचा मानूस लबाडी करन." मिस्त्री खालूनच म्हने, "सुन रही हो? बुढ्ढा इनसे डरता था, अब मैं डरता हूँ."

गाठ जुळली तवा दिवस उतरला होता. आमी गाडी तिथंच ठेवून घरी आलो, दुसऱ्या दिवशी एसटीनं पुन्हा गेलो. बाजारातून त्यानं क्राससाठी नवं लोखंडी चॅनल आनून ठेवलं होतं, जुन्यापेक्षा जाड. ते जागेवर बसोलं, टाके मारले, पुन्हा सुतळी. मंग वेल्डिंग. एका बाजूनं सरळ नाई मारलं त्यानं. थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, मंग थांबे. म्हने, गरम लोखंड आपल्याकडं ओढते, एकाच बाजूचं लाड केलं तं सारं घर वाकडं होते. मी म्हनलं, हे माया भासऱ्यायले सांगा. गार झाल्यावर घासलं, लाल प्रायमर मारला, सुकू देल्ला.

पैशाचं मी सांगत नाई. ते रडगानं सारेच गातेत.

मंग बंपर. इवायाचाच. बंपरचा काई दोष नवता, तो चांगल्या लोखंडाचा होता. सुनेनं एका बाजूनं उचलला, मिस्त्रीनं दुसऱ्या. क्रासले टेकला तं अंगभर टेकला. एकबी चकती लागली नाई. बोल्ट सुनेनं बोटानं फिरवत फिरवत आत नेले, शेवटालेच पाना लागला. मी गाडीतून नारय आनलं, तेच नालीतलं, अन् सुनेच्या हाती देल्लं. तिनं एकदाच हानलं. दोन वाट्या झाल्या, पानी माया पायावर. खोबरं आमी तिथंच खाल्लं. मिस्त्रीनं, त्याच्या बाईनं, आमी.

गावात आलो तवा निंबाखाली जीप लागाची येळ होती. मानसं उभी होती. पन आमच्या गाडीत कोनी चढे ना. तीच बुढी म्हने, "नारय फोडा पयले, पाहू."

"नारय खाल्लं," मी म्हनलं.

"दुसरं आना."

"नाई आनत. देवाले रोज रोज परीक्षा कायले?"

शेवटी बाया चढल्या. एक चढली, मंग साऱ्या. शिटा भरल्या. मानसं मातर बंपरकडं पाहत उभी. मास्तर म्हने, "काकू, वाईट नका मानू. मले लेकरं हायेत." मी वाईट मानलं नाई. भेव खरं होतं, मीच ते परवा साऱ्यायले दाखोलं होतं. अन् मांगं कोनी उभं राहिलं नाई, तं ती गाडी गावाची नाई. सुनेच्या हातावरचा इश्वास बंपरवरच ठरनार होता.

मी काष्टा कसला, गज धरला अन् बंपरवर चढली.

सून आरशात पाहून वरडली, "आत्याबाई, आत या!"

"तू पुढं पाह्य. चालव. अन् खड्डे चुकवू नको."

जीप निघाली. माया पायाखाली लोखंड होतं, अन् ते जमिनीवानी होतं. पयला खड्डा लागला. बंपरनं आवाजबी काढला नाई, माये गुडघे मातर वाजले. गल्लीच्या तोंडाशी आलो. ओट्यावर भासरे बसले होते. वारा होता, पदर डोक्यावरून गेला. मानेवर आला, मंग खांद्यावर. दोन्ही हात गजाले होते. एक हात सोडून पदर घेता आला असता. मी घेतला नाई. लग्न होऊन आली तवापासून त्या ओट्यापुढून मी उघड्या डोक्यानं गेली नवती.

भासऱ्यायनं मान वर केली. भितीकडं पाह्यलं नाई, लेकाले आवाज देल्ला नाई. मलेच म्हनले, "धरून राहा वो. पडसान."

मी म्हनलं, "नाई पडत, दादा. क्रास नवा हाये."

पुढच्या मोडावर मास्तर मांगून पयत आला, थैली आत फेकली अन् माया बाजूले चढला. मंग आनखी दोघं. गावाबाहेर निघालो तवा मांगं आमी चौघं होतो. मास्तर म्हने, "काकू, तुमी आता आत जा, जागा करतो." मी म्हनलं, "बसा उगे. मले इथी हवा लागून राहिली हाये."

दर्यापूरलोक मी उभीच गेली. चार दिवस गुडघे शेकले. चाबी अजून सुनेच्याच कमरेले हाये.